तेव्हा तुम्ही कुठं उभ्या होता?

माझ्या धाकट्या जावेनं भर पंगतीत, "वहिनी तूप वाढताना हात आखडतात," असं मला सुनावलं होतं. ही गोष्ट मी आजवर अर्ध्या सोनई गावाला सांगितली असेल. ऐकणारी प्रत्येक बाई पुढे सरकून विचारते, "मग तुम्ही काय बोललात?" ह्या प्रश्नासाठीच तर मी ती सांगते, कारण माझं उत्तर फार बाणेदार होतं. निदान दर वेळी सांगताना ते थोडं जास्त बाणेदार होत गेलं.

एका माणसानं मात्र ते उत्तर ऐकूनच घेतलं नाही. त्यानं विचारलं, "काकू, तेव्हा तुम्ही कुठं उभ्या होता?"

"कुठं म्हणजे? वाढत होते."

"हातात?"

"तुपाची वाटी."

"आणि जाऊबाईंचं तोंड तुमच्याकडे होतं की पाहुण्यांकडे?"

मी आठवून पाहिलं. पाहुण्यांकडे होतं. ती माझ्याशी बोललीच नव्हती. मला ऐकू जाईल अशा बेतानं पाहुण्यांशी बोलली होती. आणि माझं ते बाणेदार उत्तर, आता ह्या वयात लपवून काय करायचंय, मी आत आल्यावर तुपाच्या पातेल्याला दिलं होतं.

"हं," तो म्हणाला. "हा सीन झाला. मघाचं ते नुसतं भाषण होतं."

हा माणूस म्हणजे माणिक. आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायला आला तेव्हा मी नुकती साठीला टेकले होते आणि स्वतःला फार चलाख समजत होते. तो पाथर्डीकडच्या एका वस्तीवरचा. आईबाप दर साल ऊसतोडीला जायचे, हा आजीपाशी वाढला. पुढे शिकला, आमच्या गावच्या कॉलेजात तासिकांवर शिकवायला लागला, पोरांच्या एकांकिका बसवायला लागला. त्यातली एक कुणा मुंबईवाल्यानं पाहिली आणि माणिकला एका रोजच्या मालिकेचं काम मिळालं. "सहा महिन्यांचं आहे, काकू," तो पेढे देताना म्हणाला होता. "तेवढ्यात माझा स्वतःचा सिनेमा लिहून काढायला सवड मिळेल."

ते पेढे कंदी होते. चांगले होते. त्यानंतरचं काही तितकं चांगलं झालं नाही.

मला वाटायचं, मालिका लिहिणारा म्हणजे बायका टीव्हीवर जे तावातावानं बोलतात ते लिहिणारा. म्हणून मी त्याला रोज एक झणझणीत वाक्य जिन्यातच पुरवायची. शेवटी त्यानं हात जोडले. "काकू, बोलणं मुंबईत बसलेली एक मुलगी लिहिते. मी पटकथा लिहितो. म्हणजे कोण आत येतं, कोण कुणाकडे बघतं, आणि कुणाला काय दिसत नाही, एवढंच."

"एवढ्याचे पैसे देतात?"

"तेच तर अवघड असतं," तो म्हणाला. मला ते काही पटलं नाही. मी मनात म्हटलं, पोरगं बरं आहे, पण कामचुकार दिसतंय.

उंच होता, पण खांदे पुढे काढून चालायचा, जणू प्रत्येक दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागणार आहे. चहा कधी गरम प्यायचा नाही. साय धरेपर्यंत कप समोर ठेवायचा आणि मग औषध घेतल्यासारखा एका दमात संपवायचा. कुणाच्याही घरी गेला की आधी अशी जागा हेरायचा जिथून पुढचं आणि मागचं दार दोन्ही दिसतील. आमच्याकडे अशी जागा एकच, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारचं स्टूल. ते त्याचंच झालं.

आणि एकदा ते त्याचं झाल्यावर माझी भांडी माझी राहिली नाहीत. सीन सुचला की तो ओट्यावर भांडी मांडायचा. तांब्या म्हणजे सासू, पेला म्हणजे सून, गाळणी म्हणजे कारस्थानी नणंद. कढईचं झाकण उभं केलं की ते दार. पेला झाकणाआड थांबणार, तांब्या आणि गाळणी बोलणार, मग पेला सरकणार आणि झाकण आडवं पडणार. किती तरी वेळा माझा चहा उकळून आटला, कारण नणंद दाराआडून ऐकत होती आणि तिला हलवायची नव्हती.

"माणिक, सासूबाई मोकळ्या झाल्या असतील तर पाणी भरते."

"एक मिनिट काकू, तिला चक्कर येतेय."

मालिका दारावर चालते, हे त्याचं ठाम मत. दार नसेल तर कुणी चोरून ऐकणार नाही, चोरून ऐकलं नाही तर गैरसमज नाही, आणि गैरसमज नाही तर उद्याचा एपिसोड नाही. म्हणून कुठलीही गोष्ट सांगितली की त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला, "दार उघडं होतं की लोटलेलं?" एकदा मी माझ्या माहेरचं एक भांडण रंगवून सांगत होते आणि त्यानं तेच विचारलं. मी म्हटलं, "अरे, माझं माहेर शनिशिंगणापूर. आमच्या चौकटीला कवाडच नाही."

तो इतका हसला की स्टुलावरून घसरला. मग डोळे पुसत म्हणाला, "काकू, जगातली एकच जागा अशी असेल जिथं मालिका होऊ शकत नाही. आणि तुम्ही ती सोडून इथं नांदायला आलात!"

माझ्या तुपाच्या वाटीचा सीन त्यानं घेतला. मला कळल्यावर मी काय करावं? गल्लीतल्या आठ-दहा बायका जमवल्या, पैठणी नेसले, आणि टीव्हीसमोर मधोमध खुर्ची घेऊन बसले. माझी नात आजही त्या पैठणीची नक्कल करून दाखवते. टीव्हीवर संगमरवरी जिना होता. जिन्यावर जरीच्या साड्या नेसलेल्या दोन बायका होत्या. तूप नव्हतं, ज्यूस होता. एक बाई ग्लास धरून उभी आणि दुसरी पाहुण्यांकडे तोंड करून बोलत होती. मी ओरडले, "ती मी! ग्लासवाली!" बायकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या कोवळ्या पोरीकडे पाहिलं, आणि चहा छान झालाय म्हणाल्या.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची किती वर्षं झाली ते मी मोजणं सोडून दिलं. मालिका चालली होती हाच घोळ झाला. वाहिनीच्या एक मॅडम त्याला रोज फोन करायच्या. त्यांच्या कामाला 'क्रिएटिव्ह' म्हणतात. मी पहिले काही महिने ते आडनाव समजत होते. मॅडम वाईट नव्हत्या. आवाज गोड होता, सर-सर करायच्या. पण फोन ठेवल्यावर माणिकचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी माडीची कडी बाहेरून लावली आहे.

कॉलेज सुटलं, कारण तासाला जाणं जमेना. गावात फिरणं सुटलं. बहिणीच्या घरी बारशाला गेला तो पाळण्याशेजारी लॅपटॉप उघडून बसला. सोमवार ते शनिवार मालिकेला रोज एक एपिसोड लागतो, आणि ती रोज आ करून बसलेली. मनातलं संपलं तेव्हा तो स्वतःच्या आयुष्यातलं घालायला लागला. बहिणीची पहिली सोयरीक मोडली होती, ते गेलं. आजीचं दुखणं गेलं. एकदा संध्याकाळी स्टुलावर येऊन बसला आणि म्हणाला, "आज अण्णा गेले, काकू."

मी हातातलं लाटणं टाकलं. मग लक्षात आलं, त्याचे वडील जाऊन तर बरीच वर्षं झाली होती.

"मालिकेत घातले," तो म्हणाला. "सासऱ्याला दिले. दवाखान्याच्या बाकावर आईनं त्यांच्या चपला मांडीवर धरल्या होत्या ना, ते. आता ते माझं राहिलं नाही. आता आठवायला गेलो तर ती नटीच दिसते."

सोडून दे, असं मी कितीदा तरी म्हटलं. तो म्हणायचा करार आहे. करार संपला की म्हणायचा, ह्याच्यावर सेटवरची एवढी माणसं जेवतात. तेही खरं होतं. त्यानं एकदा सासूला नदीत ढकलून मारलं, म्हणजे गोष्टच संपेल. दोन दिवस कसा हलका होता! शिट्टी वाजवत जिना उतरायचा. तिसऱ्या दिवशी खाली आला आणि तांब्या उचलून परत ओट्यावर ठेवला. "मासेमारांनी वाचवली," एवढंच बोलला.

पण एक सीन त्यानं राखून ठेवला होता. मला तो माहीत होता. त्याच्या स्वतःच्या सिनेमाची सुरुवातच ती होती. दिवाळी झाल्यावर वस्तीवर तोडकऱ्यांचा ट्रक येतो. आई बोचकं आणि कोयता घेऊन घरातून निघते, अंगण ओलांडते, ट्रकात चढते, आणि एकदाही मागे वळून बघत नाही. बस्स. "ती का वळली नाही, एवढाच माझा सिनेमा आहे," तो म्हणायचा. "बाकी सगळं घ्या म्हणावं. हा एक मी देणार नाही. हा दिला तर माझ्यापाशी काही उरत नाही, काकू."

त्याच सुमारास त्याची आई, ठकूबाई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नगरला आली आणि नंतर विश्रांतीला लेकाकडे राहिली. जिना चढायची मनाई, म्हणून मुक्काम खाली माझ्याकडे. काळा चष्मा लावून, पदर डोक्यावर घेऊन बाई सोफ्यावर मांडी घालून बसली की एखाद्या पंचायतीची सरपंच वाटायची. लेकाचं काम तिला दोन दिवसांत समजलं. मला समजायला वर्ष लागलं होतं.

"मान्या, तुला फोन करती ती तुजी मुकादम व्हय?"

"आई, त्या मॅडम आहेत."

"तेच म्हन्ते म्या. रोजचा टनाचा हिशेब मागती का न्हाई? मग मुकादमच की." आणि माझ्याकडे वळून, "बाई, आमचा मुकादम निदान पट्टा पडल्याव घरी सोडायचा. हिचा पट्टा कधी पडतो?"

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. माणिक हसला नाही.

आणि मग एका दुपारी मॅडमचा फोन आला. मालिकेतली सून झालेली मुलगी आजारी पडली होती, तिला लगेच रजा हवी होती. तिला घराबाहेर काढायचं, लहान लेकराला मागे ठेवून, आणि शूटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी. माणिक खाली आला. पेला, तांब्या, गाळणी मांडली. झाकण उभं केलं, आडवं केलं. पेल्याला चक्कर आणली, उठवला. काहीच होईना. फोन पुन्हा वाजला, त्यानं तो पिठाच्या डब्यात पिठात खुपसून ठेवला. पीठ गुरगुरायला लागलं.

मी पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीत ठकूबाई घोरत होती. बऱ्याच वेळानं त्यानं एक छोटी वाटी झाकणाशेजारी ठेवली, पेला उचलला, आणि सावकाश ओट्याच्या कडेकडे नेऊ लागला. वाटीकडे न वळवता. थेट कडेपर्यंत.

मला कळलं. मी म्हटलं, "माणिक, नको रे."

"दुसरं काही नाहीये, काकू," तो म्हणाला. पिठातून फोन काढून सदऱ्याला पुसला आणि जिना चढून गेला.

तो एपिसोड आम्ही तिघांनी एकत्र पाहिला. डॉक्टरांनी टीव्ही बघू नका सांगितलं होतं, पण ठकूबाई म्हणाली, "एकाच डोळ्यानं बघते." माणिक स्टूल घेऊन बाहेर आला आणि दाराशी बसला. सून बॅग घेऊन निघाली. मोठी गाडी उभी होती. आणि ती वळली. वाहिनीला वाटलं असणार की न वळणारी आई लोकांना निर्दय वाटेल. म्हणून ती एकदा वळली, दोनदा वळली, तिसऱ्यांदा वळली तेव्हा तिचा चेहरा तीन बाजूंनी दाखवला आणि ढगही गडगडले.

माणिक मान खाली घालून बसला होता. त्याच्यापाशी होतं नव्हतं ते गेलं होतं, आणि तेही धड पोचलं नव्हतं.

ठकूबाई हसायला लागली. "येडी का काय ही! मान मोडंल की तिची. वळायचं कशापायी? सरळ उलटं बसायचं."

"उलटं म्हणजे?" मी विचारलं.

"आवो, ट्रकात आमी केबिनीकडं पाठ करूनच बसायचो. तिकडं तोंड केलं तर सारा वारा अन् फुफाटा तोंडात. घराकडंच तोंड असायचं. मला तर वढ्याच्या वळनापत्तूर घर दिसायचं." मग टीव्हीकडेच बघत म्हणाली, "दारात म्हातारी एकलीच हुबी असायची. मी आपली बघायची, आता मान्या भाईर यील, मग यील. कवाच आला न्हाई हा. लई राग यायचा मला ह्याचा."

टीव्हीवर जाहिरात लागली होती. कुणी आवाज कमी केला नाही.

मी आयुष्यात पुष्कळ वाक्यं नको तिथे बोलले आहे. हे मात्र माझं नव्हतंच, त्याचंच होतं. मी विचारलं, "माणिक, तेव्हा तू कुठं उभा होतास?"

तो अख्ख्या गावाला हा प्रश्न विचारत फिरला होता, स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

"धान्याच्या कणगीमागं," तो म्हणाला. "ती ट्रकात चढेपर्यंत बघायचो. ट्रक सुरू झाला की डोळे मिटून कणगीला तोंड लावायचो."

"हात् मेल्या," ठकूबाई म्हणाली. "अन् म्या वर्सानुवर्सं समजत हुते की पोरगं खेळाया पळालं."

माणिक तिच्या पायाशी येऊन खाली बसला. तिनं त्याच्या केसांना डब्याशेजारी बसून लागलेलं पीठ झटकलं. त्या वेळी त्याचा फोन वाजला. मॅडम होत्या, आणि त्या इतक्या खुशीत होत्या की आम्हालाही ऐकू येत होतं. "सर, काय सीन दिलात! सगळे रडले! आता तिच्या आठवणीचा असाच एक अजून द्या ना, लेकराच्या बाजूनं." तो आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघतो," आणि जिना चढून गेला.

त्यानंतर दोन-तीन आठवडे मी ती मालिका श्वास रोखून पाहिली. नाही तर मी भाजी निवडत पाहते. रोज वाटायचं, आता ट्रक येईल, आता कणगी येईल. चोरीला गेलेलं मूल आलं, बनावट मृत्युपत्र आलं, नणंदेला दिवस गेले. ट्रक आला नाही. एक दिवस मी जिन्यात त्याला अडवलं. "ते दिलं नाहीस ना?" तो नुसती मान हलवून वर गेला. खांदे तसेच पुढे काढलेले, पण जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला.

मालिका वाढली. वाहिनीनं ठरवलं की लेखकानं आता सेटजवळच राहायचं, म्हणजे फोनची भानगडच नको. एपिसोड कमी पडला की हाक मारली की हजर. माणिकनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "आणि तुझा सिनेमा?" तो म्हणाला, "तिथं लिहीन." दोघांनाही माहीत होतं.

निघाला त्या सकाळी टेम्पो दारात आला. एक खाट, पुस्तकांची खोकी, एक कुंडी. ठकूबाई मुद्दाम वस्तीवरून आली होती, डोळे आता दोन्ही चांगले. ड्रायव्हरनं पुढचं दार उघडून धरलं. माणिक मागे गेला, फाळक्यावर पाय देऊन वर चढला आणि केबिनीला पाठ लावून, खोक्यावर, आमच्याकडे तोंड करून बसला. मांडीवर लॅपटॉप होता आणि फोन वाजत होता. त्यानं तो घेतला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "सर, पुढं या की, मागं धूळ खाल." "असू द्या," माणिक म्हणाला.

टेम्पो हलला. तो बघत होता. पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंत त्याची मान हलली नाही. मी हात हलवला आणि शेजारी पाहिलं, तर ठकूबाई नव्हती. दारात मी एकटीच उभी. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या सीनमध्ये घुसायला मी धडपडले, त्याच्या डोळ्यांपुढे शेवटी मी एकटीच होते, आणि तीही धुतलेल्या जुन्या गाऊनमध्ये.

आत गेले. चहा टाकते असं ती म्हणाल्याचं अर्धवट आठवत होतं. गॅस पेटलेला नव्हता. ठकूबाई पिठाच्या डब्यामागे, भिंतीकडे तोंड करून उभी होती. डोळे मिटलेले. टेम्पोचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ती तशीच होती. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "साखर कुठं ठिवता तुमी?"

माणिकचा आठवड्यातून एकदा फोन येतो. दमलेला असतो. नेहमी विचारतो, "मी गेलो तेव्हा आई कुठं होती, काकू? मला दिसली नाही." मी म्हणते, चहा टाकत होती. त्याला खरं सांगितलं तर सोमवारच्या एपिसोडमध्ये ती सासू फ्रिजमागे उभी राहील आणि ढग गडगडतील. तेव्हा तो सीन मी माझ्यापाशी ठेवला आहे. त्याची मालिका संपेल त्या दिवशी देईन, म्हणून तब्येत सांभाळून आहे, रोज टाकीच्या वळणापर्यंत चालून येते. इथं लिहायला हरकत नाही वाटली. त्याला वाचायला फुरसत कुठाय?